पळसदरीची हाक

भिसेगावातल्या रोहिदासच्या सलूनमध्ये 'अतर्क्य' हे मासिक येऊ लागलं ते योगेंद्रमुळे. योगेंद्रचा धंदा जमिनींचा. मुंबईची माणसं गाडीत घालून कर्जत-खालापूर पट्ट्यातले फार्महाऊसचे प्लॉट दाखवत फिरायचा, पण जीव सगळा असल्या गोष्टींत. कुठे विहिरीतून उजेड निघाला, कुठे मेलेला बैल दुसऱ्याच गावात चरताना दिसला, कुठे बंद देवळातली घंटा वाजली, हे सगळं 'अतर्क्य'मध्ये यायचं. मासिक खोपोलीला छापलं जायचं आणि योगेंद्र कॉलेजात असल्यापासून त्याचा वर्गणीदार होता. वाचून झाला की तो अंक सलूनमध्ये आणून टाकायचा. नंबर लागेपर्यंत गिऱ्हाइकं तो चाळत बसायची. पाण्याच्या फवाऱ्यानं फुगलेले, पानापानांत केस अडकलेले असे जुने अंक आरशाखालच्या फळीवर कायम पडलेले असत. रोहिदासनं स्वतः त्यातलं कधी पान उलटलं नव्हतं. हातात कात्री असताना कानावर पडायचं तेवढं त्याला पुरे होतं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावरचा अंक घेऊन योगेंद्र आला तो दारातूनच बोलत आला. आपल्या भागाचं नाव आलं म्हणाला, पळसदरीचं, आणि तेही पहिल्याच पानावर. खुर्चीत दत्ता बसला होता, रेल्वेतून निवृत्त झालेला, आयुष्यभर घाटात रुळांवर काम केलेला माणूस. त्याच्या गालांवर फेस होता. बाकावर आणखी दोघंतिघं होते. योगेंद्रनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली.

मजकूर असा होता, की पळसदरीच्या धरणापलीकडे, रेल्वेच्या बांधाच्या बाजूनं, दिवेलागणीच्या सुमाराला एका स्त्रीचा स्वर ऐकू येतो. धरणावर सहलीला गेलेल्या अनेकांनी तो ऐकला आहे. ती एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते. तो शब्द 'उचेऽऽ' असा काहीसा ऐकू येतो, पण त्याचा अर्थ कोणत्याच भाषेत लागत नाही. आसपासच्या गावांत चौकशी केली असता कुणालाच काही माहीत नाही असं सांगण्यात आलं. एखादा अतृप्त आत्मा तिथे कुणाचा तरी शोध घेत असावा, अशी शंका लेखकानं शेवटी मांडली होती.

रोहिदासचा वस्तरा दत्ताच्या हनुवटीखाली होता. तो त्यानं उचलला, पंच्याला पुसला आणि पुन्हा लावला. दत्ताला काही कळलं नाही.

मग दुकानात त्या शब्दाचा कीस पडला. दत्ता म्हणाला, घाटातले बोगदे खणताना कितीतरी परमुलुखातले मजूर मेले, त्यांतल्याच कुणाची तरी बाई असणार, 'उंचे' म्हणत असेल, वरच्या बाजूला नवरा गाडला गेला म्हणून. बाकावरचा एक पतपेढीतला कारकून म्हणाला, 'उठे' असेल, कुणाला तरी उठवत असेल. योगेंद्रचं म्हणणं पडलं की आत्म्यांना माणसाची भाषा राहत नाही. कुणी हसलं, कुणाच्या अंगावर काटा आला. येत्या रविवारी मित्रांना घेऊन जायचं, असं योगेंद्रनं तिथल्या तिथे ठरवलं आणि रोहिदासला विचारलं, तू तर तिथलाच, तुझ्या कधी कानावर आलं नाही का.

"नाही," रोहिदास म्हणाला. "मी घरी पोचेपर्यंत अंधार पडतो."

त्यानं दत्ताचे गाल पुसले, तुरटी फिरवली आणि पुढच्या माणसाला खुर्चीत बसवलं. दुकानाच्या दारावर 'रुचिता हेअर कटिंग सलून' अशी पाटी होती. मुलगी झाली त्या वर्षी लावलेली. तिच्याखालून रोज ये-जा करणाऱ्या या माणसांना रोहिदासची मुलगी ओढ्याच्या पाण्यात गेली हे माहीत होतं. सगळे त्या वेळी घरी भेटूनही गेले होते. पण तिची आई तिला घरात रुचे म्हणते हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आणि लांबून, वाऱ्यावरून, थकलेल्या गळ्यातून ते नाव आलं तर त्यातला 'र' वाटेतच पडतो, हेही.

रुचिता गेली त्याला दोन पावसाळे झाले होते. खोपोलीकडच्या एका कंपनीत ती हिशेब लिहायला होती. त्या संध्याकाळी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून येत होती. ओढ्यावरच्या मोरीवरून पाणी चढलेलं होतं, पण पलीकडे घरचे दिवे दिसत होते. मैत्रीण खाली एका उंबराला अडकून वाचली. स्कूटीही सापडली. रुचिता सापडली नाही. गावातली पोरं, ठाकुरवाडीची माणसं, बाहेरून आलेले बुडी मारणारे, सगळ्यांनी ओढा आणि पुढची नदी पार कर्जतच्या पुलाखालपर्यंत पालथी घातली. शेवटी भटजींनी सांगितलं तशी दर्भाची बाहुली करून रोहिदासनं तिलाच अग्नी दिला. जना, त्याची बायको, तेव्हा शेजारच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहुलीकडे तिनं पाहिलं नाही आणि तेराव्याचा घासही तिनं तोंडात घातला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ती बांधावर जाऊ लागली. रुचिता लहान असताना धरणावर खेळायला पळायची तेव्हा जना त्याच बांधावर उभी राहून तिला जेवायला हाका मारायची. तशीच आता मारू लागली. चूल पेटवून, भात चढवून जायची, दहा-बारा वेळा हाक मारायची आणि परत यायची. घरी आली की नेहमीसारखी वागायची. भांडी घासायची, रोहिदासला वाढायची, शेजारणीशी बोलायची. रोहिदासनं सुरुवातीला एकदोनदा तिला हात धरून आणलं. ती मुकाट्यानं आली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं गेली. मग त्यानं तो नाद सोडला. उलट तोच दुकान लवकर बंद करून यायला लागला. बांधाच्या खाली करंजाचं झाड होतं, तिथे मोटरसायकल लावून उभा राहायचा. तिच्या हाका संपल्या की पुढे व्हायचा आणि दोघं मिळून घरी जायची. त्याबद्दल ती दोघं कधी बोलली नाहीत. गावही बोललं नाही. मासिकाचा तो लेखक मोबाइल पुढे करून घरोघर विचारत फिरला तेव्हा पळसदरीतल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी आपल्याला काही ठाऊक नाही असंच सांगितलं होतं.

रोहिदासनं तो अंक त्या संध्याकाळी फळीवरून उचलून गल्ल्याच्या मागे खोचला. जनाला कळू द्यायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण रविवारी माणसं आलीच. गाड्या धरणाशी लावून, बांधावर चढून बसली. कुणी कॅमेरा लावला, कुणी उदबत्त्या पेटवल्या. जना नेहमीच्या वेळेला गेली तर त्यांनी तिलाच विचारलं, मावशी, तो आवाज कुठून येतो, तुम्ही ऐकलाय का. तिनं नाही म्हणून मान हलवली. गर्दी पाहून ती तशीच मागे फिरली.

रात्रीचं ताट वाढताना ती म्हणाली, "अवो, वर बांधावर कुणी बाई हाका मारते म्हणं. मी रोज जाते, मला तर कुणी दिसली नाय."

रोहिदासनं हातातला घास ताटात ठेवला. तो पाणी प्यायला. मग त्यानं तिला जेवढं जमेल तेवढ्या हळूपणानं सांगितलं, की ती बाई म्हणजे तूच. खोपोलीच्या मासिकात कुणीतरी लिहिलंय.

तिनं अंक मागितला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो आणून दिला. जना सातवीपर्यंत शिकलेली होती. उंबऱ्यात उजेडाला बसून, ओळीखाली बोट धरून तिनं सगळा मजकूर वाचला. वाचताना तिचे ओठ हलत होते. 'अतृप्त आत्मा' या शब्दांवर तिचं बोट थांबलं, मग पुढे सरकलं. वाचून झाल्यावर तिनं अंक मिटून बाजूला ठेवला.

"घसा बसतो माझा," ती म्हणाली. "म्हणून तसं ऐकू जात असंल."

रोहिदासला वाटलं, आता ती जायची थांबेल. ती थांबली नाही. लोक असतील तेव्हा पडवीत वाट पाहायची, गाड्या निघून गेल्या की उठायची. कधी लोक एखादी गाडी मागे ठेवून पलीकडच्या काठाला दबा धरून बसलेले असत. त्यांना आवाज मिळायचा, आणि पुढच्या रविवारी आणखी गाड्या यायच्या. सलूनमध्ये रोज तोच विषय. ज्यांनी ऐकला ते छाती पुढे काढून सांगायचे, ज्यांना ऐकू आला नाही ते म्हणायचे सगळ्यांच्या नशिबात नसतं. रोहिदास मानेवरचे केस झटकत उभा राहायचा. एकदोनदा त्याच्या मनात आलं की सांगून टाकावं. पण सांगितल्यावर हीच माणसं जनाकडे बघायला येतील, आणि तेव्हा ती आत्म्याकडे बघितल्यासारखं बघणार नाहीत, वेडीकडे बघितल्यासारखं बघतील. म्हणून तो गप्प राहिला.

संक्रांत झाली. नवा अंक आला आणि त्यात वाचकांची पत्रं होती. योगेंद्र आत आला तेव्हा या वेळी त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो बाकावर बसला, टीव्ही बंद करायला सांगितला आणि एक पत्र त्यानं सावकाश वाचलं.

कल्याणच्या पाच वाचकांनी ते लिहिलं होतं. मासिकाच्या संपादिकाबाईंना सोबत घेऊन ते पळसदरीला गेले होते. बाकीची मंडळी निघून गेल्यावर धरणाच्या खालच्या अंगाला, झाडीत थांबले. अंधारून आलं तेव्हा बांधाकडून ती हाक आली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि मग त्यांच्या अगदी जवळून, झाडीतून, एका मुलीचा आवाज आला, 'ओऽ, आले गं आई.' पत्रात पुढे लिहिलं होतं की आमच्यातल्या दोघी तिथेच रडू लागल्या. आम्ही घाबरलो नाही. इतकी वर्षं हे मासिक वाचतो, पण त्या क्षणी जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही.

खुर्चीतला माणूस अर्ध्या कापलेल्या केसांनिशी आरशात बघत होता. दत्ता नुसताच गप्पांना येऊन बसला होता, त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, बरं झालं, मिळालं एकदाचं तिला तिचं लेकरू. पतपेढीतला कारकून म्हणाला की आता तो आवाज बंद होईल, आत्मा सुटला. योगेंद्रनं बाही वर करून हातावरचा काटा सगळ्यांना दाखवला. रोहिदासनं कात्री ट्रेमध्ये ठेवली, आलोच म्हणाला, मागच्या नळाशी गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

असल्या गोष्टींवर त्याचा कधी विश्वास नव्हता. पण घरी जाताना मोटरसायकलवर त्याच्या लक्षात आलं की तो आवाजाचा विचार करतोय. पातळ होता की जाड. रुचिता गेली त्या दिवसांत तिला सर्दी झालेली होती, घसा धरलेला होता, तसा तर नव्हता. पत्रात ते कुणी लिहिलं नव्हतं. गाडी करंजाखाली लावून तो वर बघत उभा राहिला.

हे एकट्यानं सांभाळणं त्याला जमलं नाही. जेवणं झाल्यावर त्यानं जनाला पत्र वाचून दाखवलं. वाचताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला वाटत होतं ती रडेल, नाहीतर पदर डोळ्याला लावून देवाला हात जोडेल. तिनं उष्टी ताटं एकात एक ठेवली.

"परक्या माणसांना ओ दिली," ती म्हणाली. "आन् मी दोन वर्सं घसा फोडून घेते, तर मला नाय दिली."

तिथून पुढचे दिवस वाईट गेले. जना आता दुपारीही जायची. बांधावर, धरणाच्या खालच्या अंगाला, पत्रात लिहिलेल्या झाडीत. हाक मारायची आणि मग श्वास धरून ऐकत उभी राहायची. कुत्रं भुंकलं तर त्याच्या मागे दगड घेऊन धावायची. घाट चढणाऱ्या मालगाडीचा आवाज सुरू झाला की कानांवर हात ठेवून खाली बसायची, कारण नेमकी त्याच वेळी ओ आली तर तिला ऐकू येणार नव्हती. घरात चूल पेटेना. रोहिदास दुकानातून डबा आणायचा, तो तसाच पडून राहायचा. रात्री अंथरुणावर ती त्याला विचारायची, माझ्यावर रागावली असंल का, मी काय बोलले होते तिला त्या दिवशी सकाळी. रोहिदासला आठवत होतं. जना काही बोलली नव्हती. डबा दिला होता, छत्री घे म्हणाली होती, एवढंच. तो तसं सांगायचा. ती म्हणायची, तुम्ही विसरला असाल.

शेवटी एका सकाळी तिनं त्याचा धुतलेला सदरा काढून दिला आणि खोपोलीला जायला सांगितलं. त्या संपादिकाबाईला विचारून यायचं. ओ कुठल्या बाजूनं आली. किती लांबून आली. आवाज थकलेला होता का. आणि ती पुन्हा कधी येईल असं काही वाटलं का.

पळसदरीला गाडीत चढताना रोहिदासला स्वतःचीच लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि असलं विचारायला चाललाय. पण लाजेच्या खाली दुसरंही काही होतं. त्यालाही ऐकायचं होतं.

छापखाना खोपोलीच्या बाजारातल्या एका बोळात होता. पुढच्या खोलीत लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले, मागे मशीन, आणि भिंतीला लागून 'अतर्क्य'चे न खपलेले गठ्ठे. संपादिका भाग्यश्री चाळिशीची होती, केस अर्धे पांढरे, बोटांना शाई. मासिक तिच्या वडिलांनी सुरू केलं होतं, त्यांच्या मागे ती ते चालवत होती. पळसदरीहून आलोय म्हटल्यावर तिनं त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कागद-पेन पुढे ओढलं. अनुभव सांगायला आलेल्या माणसांची तिला सवय होती.

रोहिदास म्हणाला, "लिहू नका, ताई. तो आवाज माझ्या बायकोचा हाय."

तिनं पेन खाली ठेवलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. ओढा, स्कूटी, दर्भाची बाहुली, बांध. 'उचे' म्हणजे काय तेही सांगितलं. आणि शेवटी, जनानं सांगितलं होतं तसं, एकेक करून विचारलं. आवाज कुठल्या बाजूनं आला. किती लांबून. थकलेला होता का. हे विचारताना त्याचा स्वर साधा होता, बाजारात वस्तूची चौकशी करावी तसा.

भाग्यश्री खाली बघत होती. चहा आला, तो दोघांच्या मध्ये राहिला. मशीनवरच्या माणसाला तिनं बाहेर पाठवलं.

"ती ओ मी दिली," ती म्हणाली.

रोहिदासला आधी नीट कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. ती वाचकांच्या मागे, थोडी बाजूला झाडीत उभी होती. या कशावरच तिचा विश्वास नाही. वडिलांचं मासिक आहे, म्हातारे वर्गणीदार आहेत, अंक नाही निघाला तर विचारायला येतात, म्हणून ती चालवते. त्या दिवशीही वाचकांचं मन राखायला गेली होती. आणि हाक आली. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. छापखान्याच्या मागेच घर, आई रोज रात्री मागच्या दारात उभी राहून तिला जेवायला हाक मारायची, मशीनच्या आवाजावरून ऐकू जावी म्हणून लांबलचक. ती गेल्यापासून तशी हाक कुणी मारली नव्हती. तिसऱ्या हाकेला भाग्यश्रीच्या तोंडून ओ गेली. तिनं ठरवून दिली नव्हती. पुढचे शब्दही असेच गेले.

"त्याच वेळी मालगाडी घाट चढायला लागली," ती म्हणाली. "वर बांधावर त्यांना काही ऐकू गेलं नसणार."

मग अंधारात ते पाचही जण वळले. त्यांचे चेहरे बघून तिला सांगण्याचा धीर झाला नाही. सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता त्यांचं पत्र आलं आणि तिनं ते छापलं. वरती कुणी जिवंत बाई उभी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मनात यायला हवं होतं, ती म्हणाली, हाक कुणी मारत असेल तर बाईच मारत असेल, एवढं साधं होतं.

रोहिदासला राग यायला हवा होता. तो आला नाही. मांड्यांवर हात ठेवून तो बसून राहिला. सकाळपासून, नाही, संक्रांतीपासून त्याच्या आत जे काही उभं होतं ते खाली बसत गेलं, आणि त्या बाईसमोर, लग्नपत्रिकांच्या खाली, तो रडू लागला. बाहुलीला अग्नी देताना तो रडला नव्हता. भाग्यश्री उठून त्याच्यापाशी आली, पण तिला हात कुठे ठेवावा ते कळेना. ती नुसती उभी राहिली.

निघताना ती म्हणाली की पुढच्या अंकात ती सगळं खरं छापेल, स्वतःच्या नावानं माफी मागेल. रोहिदासनं नको म्हटलं. छापलं तर लोक घरी येतील. मी येऊन वहिनींच्या पाया पडते, असंही ती म्हणाली. त्यालाही त्यानं नको म्हटलं. तिनं मुलीचं पूर्ण नाव विचारलं. ते त्यानं सांगितलं.

परतीच्या गाडीत त्यानं मनाशी जुळवाजुळव केली. बाई भेटल्या नाहीत असं सांगावं. किंवा ओ खूप लांबून आली, आवाज छान होता, थकलेला नव्हता, एवढं सांगून मोकळं व्हावं. जनाला तेवढ्यावर जगता येईल. डोलवलीपर्यंत त्याला ते पटलं होतं. पण जगता येईल म्हणजे काय, तर ती उरलेलं आयुष्य त्या झाडीत श्वास धरून उभी राहील. पळसदरीला उतरला तेव्हा त्यानं काहीच ठरवलेलं नव्हतं.

जना उंबऱ्यात बसली होती. त्यानं चपला काढल्या, तिच्या शेजारी बसला आणि घडलं तसं सांगितलं. भाग्यश्री, तिची आई, मागचं दार, मालगाडी, सगळं. त्याचं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "काय झालं होतं तिच्या आईला?"

ते रोहिदासनं विचारलं नव्हतं.

"इचारायचं होतं," ती म्हणाली. मग समोर अंगणाकडे बघत म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुमी वाचलंत तवाच. आपली रुची तीन हाकांत कधी ओ देणारी होती का? दहा हाका मारल्यावर 'काय हाय गं' म्हणून अंगावर यायची. 'आले गं आई' असं जन्मात बोलली नाय ती."

"मग मला धाडलंस कशाला?"

"म्हटलं, असंल बदलली," जना म्हणाली. "दोन वर्सं झाली. पोरी बदलतात."

आणि मग ती रडली. दोन वर्षांत रोहिदासनं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. उंबऱ्यातच आडवी झाली, जमिनीला गाल लावून, आवाज न करता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दिवेलागण होऊन गेली तरी काढला नाही. शेजारीण दिवा लावायला बाहेर आली, त्यांना पाहून तशीच आत गेली.

त्या दिवशी जना बांधावर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चूल पेटली, भात झाला. रोहिदास सवयीनं दुकान लवकर बंद करून यायचा आणि करंजाखाली गाडी थांबवायचा. वर कुणी नसायचं. हे थांबावं असं त्याला दोन वर्षं वाटत होतं. आता थांबलं तेव्हा त्याला कळलं की दिवसभरात ते नाव कुणी मोठ्यानं घ्यायचं तर तेवढ्याच वेळी घ्यायचं, आणि ते ऐकायला तो येत होता.

गाड्या मात्र येत राहिल्या. ओ मिळाल्याचं वाचून आता लांबलांबची माणसं यायला लागली होती. एका शनिवारी पुण्याकडची पाच-सहा पोरंपोरी वाट विचारत थेट दारात आली. त्यांच्यातल्या एकीच्या हातात 'अतर्क्य'चा अंक होता. रोहिदास अंगणात गाडी पुसत होता, तो पुढे होऊन त्यांना वाटेला लावणार तेवढ्यात जना बाहेर आली. तिनं त्यांना पाणी दिलं. मुलगी म्हणाली, मावशी, ती आई कुठे उभी असते.

जनानं हात वर करून बांध दाखवला. पायवाट कुठून चढते, कुठे निसरडं आहे, तेही सांगितलं.

अंधार पडल्यावर ती मंडळी खाली आली. काहीच ऐकू आलं नाही म्हणाली. त्या मुलीचा चेहरा उतरला होता. जनानं रिकामे पेले उचलले आणि तिला सांगितलं, उशीर झालाय, मोरीवरून जाऊ नका, स्टेशनकडच्या रस्त्यानं जा.